कालचा बरिटो, आजचा तवा

ह्यूस्टनला येऊन इतकी वर्षं झाली, तरी दोघांना मेक्सिकन जेवण किती पुरतं याचा अंदाज मला येत नाही. आज दुपारी फ्रिजमध्ये कालचे तीन डबे.

पहिला बरिटो, म्हणजे पोळीत बीन्सचं सारण भरून केलेली गुंडाळी, अख्खाच मायक्रोवेव्हमध्ये फिरवला. बाहेरून चामडं, आत बीन्स बर्फगार. (गरम ग्वाकामोलेबद्दल, म्हणजे त्यातल्या अव्होकाडोच्या चटणीबद्दल, तर बोलायलाच नको.) दुसऱ्याच्या वेळी शहाणपण सुचलं. उलगडून लेट्यूस-ग्वाकामोले बाजूला काढलं, सारण परतलं, परत गुंडाळून लोखंडी तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी शेकला. मस्त खरपूस!

मक्याच्या टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकन पोळ्या, मात्र वाळून कडक झालेल्या. शेजारच्या मेक्सिकन मावशींनी मागे बजावलं होतं, टाकायच्या नाहीत म्हणून. तुकडे करून तळले, गरम साल्सात (तिकडच्या तिखट चटणीत) घोळवले, वर अंडं आणि किसलेलं चीज. याला चिलाकिलेस म्हणतात, मेक्सिकोत नाश्त्याला खातात. पहिल्याच घासाला आईची फोडणीची पोळी आठवली. फक्त मोहरी-कढीपत्ता तेवढा नाही. पुढच्या वेळी घालून बघणार आहे, मावशींना न सांगता.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आज काय मागवू?" म्हटलं, काहीही मागव, टॉर्टिया तेवढ्या जास्तीच्या सांग.