आमचे व्याही

माझ्या मुलीचे सासरे मागच्या महिन्यात कॅलिफोर्नियात वारले, तेव्हा इथे वडोदऱ्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी, कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. ते मूळचे फिलिपिन्समधल्या इलोकोसचे. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतरितांसाठीची देशवार कोट्याची पद्धत रद्द केल्यानंतर तिकडे स्थायिक झालेल्या असंख्य फिलिपिनो कुटुंबांपैकी त्यांचे एक. वर्षानुवर्षे रात्रपाळी करून त्यांनी मुलांना शिकवले, आणि साबण, कपडे, डबाबंद खाऊ यांनी ठासून भरलेली ‘बालिकबायान’ पेटी गावाकडच्या भावंडांना बोटीने पाठवण्यात कधी खंड पडू दिला नाही.

लग्नानंतर ते आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी माझ्या वृद्ध आईचा हात अलगद उचलून आपल्या कपाळाला टेकवला. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्याची ती त्यांची ‘मानो’ची रीत. आई क्षणभर गोंधळली, आणि मग दुसरा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून म्हणाली, “औक्षवंत व्हा.” भाषा कळत नसूनही त्यांचे डोळे भरून आले होते.

नातू त्यांना ‘लोलो’, म्हणजे आजोबा, म्हणे. परवा तो आला, तेव्हा दारातच त्याने माझा हात कपाळाला लावला आणि मग वाकून पाया पडला.