पुश्किन चौकातला बटाटा

मॉस्कोतल्या तिसऱ्या दिवशी मी आमच्या गाइडताईंना म्हणालो, "मला पुश्किन चौकातलं ते हॉटेल बघायचंय." त्या हिंदी छान बोलायच्या. म्हणाल्या, "तिथे आता मॅकडॉनल्ड्स नाही." म्हटलं, माहीत आहे, तरी जाऊ.

माझं गाव आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर. घरात तीन पिढ्यांपासून बटाटा. त्यामुळे या हॉटेलच्या रांगेपेक्षा तिथल्या बटाट्याची मला जास्त ओढ.

रांग मात्र होतीच तशी. ३१ जानेवारी १९९० ला सोव्हिएत संघातलं मॅकडॉनल्ड्सचं हे पहिलं दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी तीस हजारांहून जास्त माणसं जेवून गेली. ६३० नोकऱ्यांसाठी सत्तावीस हजार अर्ज आले होते. ताई तेव्हा शाळेत होत्या. वडिलांनी थंडीत तासन् तास उभं राहून एक बर्गर घरी आणला, तो चौघांत वाटून खाल्ला. त्याचा रिकामा डबा आईने धुऊन पुसून कपाटात ठेवला आणि पुढे कित्येक वर्षं त्यात सुईदोरे राहिले. हे सांगताना त्यांनी हातांनी डब्याचं झाकण उघडून दाखवलं.

कंपनीच्या कॅनडा शाखेचे जॉर्ज कोहन १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या मागे लागले होते. चौदा वर्षं! अखेर मॉस्को शहराची भागीदारी ५१ टक्के आणि कंपनीची ४९ टक्के ठरली. पण माल आणायचा कुठून? बाजारात जाऊन घाऊक खरेदी करावी अशी सोयच नव्हती. कुणाला काय आणि किती मिळणार, ते सरकारी नियोजन ठरवायचं. म्हणून शहराच्या कडेला सोल्न्त्सेवोमध्ये कंपनीने स्वतःचा प्रचंड कारखाना उभारला. पाव, मांस, दूध, बटाटा, सगळं एका छपराखाली. लांब फ्राइजसाठी रसेट बरबँक जातीचं बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, नेदरलँड्समधून आणलं आणि ते कसं लावायचं, कसं काढायचं, हे तिथल्या शेतकऱ्यांना शिकवलं.

माझ्या मते खरं काम हे. दिव्यांची पाटी कुणीही लावेल. फ्राइजचा बटाटा लांब हवा, आत पाणी कमी हवं आणि साखर वाढलेली चालत नाही, नाहीतर तळताना काळा पडतो. एकदा एका कंपनीने याच कारणावरून आमचा भरलेला ट्रक गेटवरून परत पाठवला होता. त्या रात्री वडील जेवले नाहीत. मुंबईत १९९६ ला मॅकडॉनल्ड्सचं वांद्र्याचं दुकान उघडलं, त्याआधीही पुरवठादार तयार करण्यात काही वर्षं गेली होती. आमच्याच जिल्ह्यात तळेगावला आइसबर्ग लेट्यूस, म्हणजे बर्गरमधला तो पाला, पिकायला लागलं ते अशा मागणीपायी.

मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, मॅकडॉनल्ड्सची रशियातली साडेआठशेच्या आसपास दुकानं बंद झाली. ती एका रशियन व्यावसायिकाने घेतली आणि १२ जूनला हेच दुकान नव्या नावाने उघडलं. 'व्कुस्नो इ तोच्का', म्हणजे चविष्ट, बस्स. महिन्याभरातच फ्राइज संपल्या! आदल्या वर्षी त्या जातींचं पीक कमी आलं होतं आणि बाहेरून आणायची वाट बंद. नाव बदललं, मालक बदलला, चूल तीच राहिली, पण बटाट्याचा हंगाम कुणाला बदलता येतो?

आम्ही खिडकीजवळ बसलो. समोर फ्राइज आल्या. एक उचलून बोटाला लावून पाहिली, माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब. टोकं पांढरी-पिवळी, कुठे काळपट डाग नाही. आतून पिठूळ, मोडली की वाफ. ताई म्हणाल्या, "तुम्ही खाताय की तपासताय?" मी फोटो काढून गावाकडे धाकट्या भावाला पाठवला.

त्याचं उत्तर लगेच आलं. "दादा, बेणं कुठलं ते विचार."

ताईंनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती मुलगी आत गेली.