पीळ सालीला बसतो

वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, लेथचं वर्कशॉप होतं, कोल्हापूरकडच्या आमच्या गावात. गुऱ्हाळाचा हंगाम सुरू झाला की रात्री-अपरात्री दारात ट्रॅक्टर उभा राहायचा. अशाच एका रात्री घाण्याचा मोडका शाफ्ट, म्हणजे फिरणारा लोखंडी दांडा, आला. तिकडे काहील निम्मी भरलेली, उसाच्या मोळ्या वाळत पडलेल्या, आणि मालकाचं एकच पालुपद, "अण्णा, एवढं जाडजूड लोखंड मोडलंच कसं वो?"

शाफ्ट ७५ मिलिमीटरचा होता. अण्णांनी मोडलेलं तोंड रॉकेलनं धुतलं, पुसलं आणि बल्बखाली धरलं. निम्म्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक गोलसर रेघा. उरलेला भाग दाणेदार, ताजा, चमकणारा. रेघांचा माग काढत अण्णांचं बोट एका जागी येऊन थांबलं, चावीगाळ्याच्या, म्हणजे चाक घट्ट बसवणारी चावी ज्यात बसते त्या खाचेच्या, तळातल्या कोपऱ्यावर. तो गाळा आदल्या वर्षी आम्हीच पाडला होता, कोपरा अगदी काटकोनात, धारदार. अण्णांनी मालकाला ते तिथल्या तिथं सांगितलं आणि नव्या शाफ्टचे पैसे घेतले नाहीत.

आज मी पॉलिटेक्निकला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो. तो तुकडा माझ्या टेबलावर असतो. टॉर्शनचा, म्हणजे पिळाचा, धडा मी त्याच्यापासूनच सुरू करतो, सूत्र नंतर.

शाफ्टला पीळ पडतो तेव्हा बरोबर मधला बिंदू जागचा हलत नाही. मध्यापासून जितकं लांब जावं तितकं लोखंड जास्त सरकतं, म्हणून शियर स्ट्रेस, म्हणजे थरांना एकमेकांवरून सरकवणारा ताण, मध्यभागी शून्य आणि पृष्ठभागावर सगळ्यात जास्त. गाभा जवळजवळ बसून असतो, राबते ती साल. शाफ्टला आतून निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन चौथ्या हिश्शानं घटतं, पण पीळ सोसायची ताकद फक्त सोळाव्या हिश्शानं. ट्रकचा प्रोपेलर शाफ्ट पोकळ नळीचा असतो तो यामुळेच. उलट, भरीव शाफ्टचा व्यास दुप्पट केला की ताकद आठपट होते आणि ताठपणा सोळापट. लोखंड किती आहे यापेक्षा ते मध्यापासून किती लांब आहे, हे जास्त मोलाचं.

आणि चावीगाळा आपण पाडतो तो नेमका त्या राबणाऱ्या सालीत!

त्या घाण्याचा हिशोब मी मुलांना फळ्यावर करायला लावतो. १० हॉर्सपॉवरची मोटर १४४० आरपीएमला जेमतेम ५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, देते. पट्टा आणि गिअर यांतून लाटेपर्यंत, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या रोलरपर्यंत, फेरे मिनिटाला १५ वर आले की तोच टॉर्क ९६ पट होतो. घर्षण सोडून दिलं तर ४,७५० न्यूटन-मीटरच्या आसपास. ७५ मिलिमीटरच्या शाफ्टच्या सालीवर ५७ मेगापास्कल ताण. माइल्ड स्टीलला हे काहीच नाही. पण धारदार कोपऱ्यात हाच ताण कितीतरी पट वाढतो. त्यातून उसाची जाड मोळी लाटेत अडकली की झटका बसणार आणि चीर केसभर पुढे सरकणार. तो शाफ्ट एका रात्रीत मोडलेला नव्हता, हंगामभर मोडत होता.

लॅबमध्ये माइल्ड स्टीलच्या सळीवर खडूनं सरळ रेघ मारून ती मशीनला लावतो. रेघ सुंभासारखी पिळत जाते, अनेक वेढे घेते आणि सळी शेवटी आडवी, सपाट तुटते, कारण ते लोखंड शियरमध्ये हार मानतं. बिडाची (कास्ट आयर्नची) सळी मात्र फारशी न पिळताच ४५ अंशांच्या तिरक्या वळणावर फुटते. बीड ओढीला कच्चं, आणि पिळात ओढ सगळ्यात जास्त असते ती त्या फुटीच्या काटकोनात, तीही ४५ अंशांच्याच तिरक्या दिशेला. हे बघायला मशीनही लागत नाही. खडू दोन्ही हातांत धरून पिळा, तस्साच तिरका तुटतो. दरवर्षी कुणीतरी तो तुकडा बिडाच्या तुकड्याशेजारी ठेवतं आणि वर्ग क्षणभर गप्प होतो. त्या क्षणासाठी मी वर्षभर वाट पाहतो.

त्या रात्री अण्णांनी शेपरचं, म्हणजे खाच पाडायच्या मशीनचं, टूल काढलं, ग्राइंडरवर त्याचे दोन्ही कोपरे थोडे गोल केले आणि मगच नव्या शाफ्टला गाळा पाडला. चावीच्या कडाही मारून बोथट केल्या. मग माझं बोट धरून गाळ्याच्या तळातून फिरवलं. "नखाला कुठं अडकतंय?" मी म्हटलं, नाही. पहाटे चारला शाफ्ट ट्रॉलीत चढला.