टँकमध्ये मासे नाहीत

दिवे लागलेत, पंप चालू आहेत, कोरल डोलतायत आणि एवढ्या मोठ्या सॉल्टवॉटर टँकमध्ये मासा एकही नाही, हे घरी आलेल्या माणसाला समजावून सांगणं महाकठीण. "मेले का?" असं लोक आवाज खाली आणून विचारतात. मेलेले नसतात. निदान सगळे नसतात. जे वाचलेत ते आतल्या खोलीत, ना वाळू ना खडक अशा उघड्याबोडक्या टाकीत, प्लंबिंगच्या पाइपांच्या तुकड्यांत मुक्कामाला असतात आणि त्यांच्यावर तांब्याचं औषध चालू असतं. बाहेर मोठ्या टँकला उपास घडवला जातोय.

उपास खरं तर एका सूक्ष्म परजीवीला. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे त्याचं भारदस्त नाव; हौशी मंडळींत तो नुसता 'इक'. माशाच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसले की ओळखायचं. ब्लू टँग हा मासा पाळणाऱ्यांना ते दाणे ओळखायला वेगळं शिकावं लागत नाही, कारण साथ आली की पहिला नंबर बहुतेक वेळा त्याचाच. आता ह्या इकची खोड अशी, की ठिपके आपले आपणच जातात. परजीवी कातडीखाली साधारण तीन ते सात दिवस खातो, पोट भरलं की सुटतो, वाळूला किंवा खडकाला चिकटतो आणि स्वतःभोवती कोष करून बसतो. मासा लख्ख दिसायला लागतो. मालकाने मध्येच कुठलं तरी औषध ओतलेलं असतं, त्याला श्रेय मिळून जातं. निम्म्या बाटल्यांचा खप ह्या योगायोगावर चालत असावा, असा माझा जुना संशय आहे.

कोषात मात्र वाटण्या चालू असतात. एकाचे शेकडो होतात, आणि ते बाहेर पडतात तेही बहुतेक अंधारात. रात्री टॉर्च मारून टँकमध्ये पाहिलं तर ह्यातली चलाखी कळते. दिवसभर काचेला समांतर येरझारा घालणारा टँग खडकाच्या फटीत आडवा रुतून झोपलेला असतो, रंग फिकट, कल्ले संथ, आणि रोज त्याच फटीत. ज्या दगडावर कोष चिकटलाय त्यालाच अंग टेकून! समुद्रात एवढं अफाट पाणी असतं, की ह्या पिल्लांतली बहुतेक माशाविना वाया जातात. टँकमध्ये त्यांना फार शोधाशोध करावी लागत नाही. म्हणून समुद्रात किरकोळ असलेलं दुखणं घरी साथ होतं.

बाहेर पडलेल्या पिल्लांच्या हाताशी जेमतेम एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात मासा नाही मिळाला तर खेळ खलास. कोरल, कोळंबी, गोगलगाय ह्यांच्यावर त्यांची गुजराण होत नाही. म्हणून टँकमधले सगळे मासे काढायचे आणि वाट बघायची. किती? बरेच कोष काही आठवड्यांत फुटतात, पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे, म्हणून हौशी मंडळींत ७६ दिवसांचा आकडा रूढ झाला. एक मासा जरी मागे राहिला तरी सगळं मुसळ केरात. आणि एक मासा मागे राहतोच राहतो. कोपरापर्यंत हात खाऱ्या पाण्यात, एका हातात जाळी, पाणी गढूळ, अर्धे खडक बादलीत, आणि बोटाएवढा मासा भोकातून एक डोळा काढून आपल्याकडे बघतोय, हा प्रसंग ज्याने काढलाय त्याला संयम शिकवायला जाऊ नये.

इक परवडला म्हणायची वेळ व्हेल्वेट हा दुसरा रोग आणतो. ॲमिलूडिनियम हा परजीवी त्याचा कर्ता. अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसेपर्यंत कल्ल्यांची वाट लागलेली असते. मासा दिव्यापासून तोंड फिरवतो, पंपाच्या झोतात उभा राहून धापा टाकतो, आणि दोन-तीन दिवसांत अख्खा टँक साफ होऊ शकतो. इथे 'उद्या बघू' चालत नाही.

तांबं दोघांवरही चालतं, पण कातडीखालच्या किंवा कोषातल्या परजीवीला ते काही करू शकत नाही. सापडतात ती मोकळी पोहणारी पिल्लं. म्हणून मात्रा आठवडेच्या आठवडे एकसारखी ठेवायची. कमी पडली तर उपयोग शून्य, जास्त झाली तर मासाच जायचा. त्यात कोरल आणि कोळंब्यांना तांबं म्हणजे विष, आणि चुनखडीचे खडक ते शोषून घेतात, म्हणून मोठ्या टँकमध्ये ते घालायची सोय नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे मुरलेले जीवाणू आतल्या टाकीत नसल्याने तो भराभर चढतो. रोज पाणी तपासा, रोज बदला. परजीवीतून वाचलेला मासा अमोनियाने गेला, हे ह्या छंदात अगदी नेहमीचं आहे.

एवढ्यात सल्लागार जमतातच. खाद्याला लसूण चोळा. (मासा आवडीने खातो, हे खरं. इकचं त्याने काही बिघडतं असा भक्कम पुरावा नाही.) क्लीनर रास नावाचा मासा आणा, तो इतर माशांचं अंग साफ करून देतो. तो टिपतो ते कातडीवरचे किडे. कातडीखाली बसलेला इक त्याच्या तोंडी कसा लागायचा? उलट तो स्वतःही मासाच, त्यालाही इक होतो आणि गिऱ्हाइकांत एकाची भर पडते.

नवा मासा आधी क्वारंटाइनमध्ये ठेवायचा, हे आता बहुतेकांना पटलंय. गोगलगायीला मात्र कुणी अडवत नाही. तिला इक होत नाही, पण कोष तिच्या शंखावर चिकटून येऊ शकतो, तसाच कोरलच्या बुडख्याच्या दगडावरही. म्हणजे गोगलगायही बिनमाशांच्या टाकीत वेगळी ठेवायची, तेवढेच दिवस. हे सांगितलं की लोक हसतात, आणि पिशवी उघडून तिला सरळ टँकमध्ये सोडतात.