रात्री न दिसणारा कॅमेरा आणि दुपारी येणारी माणसं

आमचं घर कळंब्याच्या पुढं, नवीन वसाहतीत. गल्लीत खांबावर दिवा आहे, पण त्याचा उजेड आमच्या फाटकापर्यंत पोचत नाही. हे शिरोलीला फौंड्रीत कामाला, त्यामुळं मधूनमधून आठवडाभर रात्रपाळी. तेव्हा घरात मी, सासूबाई आणि धाकटी एवढंच. म्हणून तर चार कॅमेरे बसवून घेतले होते.

जूनमध्ये पाऊस लागला आणि एका रात्री सव्वादोनला फाटकाची कडी वाजली. मी मोबाईल उघडला. फाटकावरच्या कॅमेऱ्यात दूध सांडल्यासारखं सगळं पांढरं. मागच्या परसातला कॅमेरा काळा, मधेच चित्र यायचं आणि परत जायचं. सासूबाई उठून बसल्या, म्हणाल्या, "काय दिसतंय गं?" मला काहीच सांगता येईना. कडी वाऱ्यानंही वाजली असेल. पण उजाडेपर्यंत आम्ही दोघी दिवे लावून बसलो, हे मी विसरलेले नाही.

सकाळी ज्यांच्याकडून कॅमेरे घेतले त्यांच्याकडं तक्रार नोंदवली. इथून पुढं तीन आठवडे गेले.

पहिला माणूस आला तो दुपारी साडेबाराला. टीव्हीवर चित्र बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, क्लिअर आहे की सगळं." मी म्हटलं, "दादा, रात्री दिसत नाही. दिवसाची तक्रारच नाही माझी." त्यावर, "रात्री थोडं तसंच असतंय बघा." मग मोबाईलवर आलेला ओटीपी मागितला. भेट झाली याची नोंद करायला लागतो, म्हणाला. मी दिला. संध्याकाळी मेसेज आला, तक्रार निकाली. तो ओटीपी तक्रार बंद करायचा असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही तरी देऊ नका. रात्री स्वतःच्या डोळ्यांनी चित्र बघितल्याशिवाय अजिबात नाही.

पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार नंबर, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगणं. "संध्याकाळी सातनंतर माणूस पाठवा," एवढंच माझं मागणं होतं. उत्तर ठरलेलं, भेटीची वेळ दहा ते सहा. दुसरा आला सकाळी अकराला. त्याला मी रात्रीचं रेकॉर्डिंग काढून दाखवलं. त्यानं डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, ब्राइटनेस वाढवला आणि गेला. त्या रात्री पांढरं आणखी पांढरं झालं. तिसऱ्यानं तर कॅमेऱ्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "हे मॉडेल जुनं झालं, रात्री रंगीत दिसणारे घ्या," म्हणून चार कॅमेऱ्यांचे अकरा हजार सांगितले. त्या दिवशी माझा खरंच संताप झाला. बिघाड काय आहे हे न बघता नवीन माल विकायचा, आणि तोही रात्रपाळीच्या माणसाच्या घरात, हे मला अजून पटत नाही.

चौथ्या वेळी फोनवर मी आवाज चढवला. ओटीपी देणार नाही, तक्रार उघडीच राहील, असं स्पष्ट सांगितलं. मग एक तरुण पोरगा आला. वेळ तीच, दुपारची, बाहेर लख्ख उजेड. मी कपाळाला हात लावला. पण त्यानं शिडी मागितली, वर चढला आणि कॅमेऱ्याच्या तोंडावर तळहात ठेवला. टक असा बारीक आवाज आला आणि अंधारात बघण्यासाठी कॅमेऱ्यात असतात ते आतले दिवे लागले. म्हणजे कॅमेऱ्याला वाटलं रात्र झाली. टीव्हीवर चित्र काळंपांढरं झालं. बऱ्याच कॅमेऱ्यांत असं करता येतं, किंवा मेनूत जाऊन रात्रीचा मोड लावता येतो. म्हणजे आधीच्या तिघांना अंधाराची वाट बघायची गरजच नव्हती. हात वर करायचा होता फक्त.

फाटकावरचा कॅमेरा घुमटाचा, म्हणजे लेन्सवर पारदर्शक गोल झाकण असलेला. त्यात लेन्सभोवती एक काळी फोमची रिंग असते, ती घुमटाला आतून चिकटून बसावी लागते. आमची एका बाजूनं सरकली होती. त्या फटीतून आतल्या इन्फ्रारेड (डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या) दिव्यांचा प्रकाश घुमटावर आपटून थेट लेन्समध्ये जात होता. दिवसा दिवे बंद, म्हणून चित्र स्वच्छ. रिंग बसवली, आत धरलेला दमटपणा पुसून काढला, काम दहा मिनिटांचं.

मागच्या परसातल्या कॅमेऱ्याला त्यानं मीटर लावला. डीव्हीआरपासून तिथंपर्यंत चाळीसेक मीटर वायर, तीही बारीक. पुरवठा १२ व्होल्टचा. दिवसा कॅमेऱ्यापाशी ११ च्या आसपास मिळत होते. हात ठेवून दिवे लावले तशी कॅमेऱ्याची विजेची ओढ वाढली आणि व्होल्टेज साडेआठपर्यंत उतरलं. कॅमेरा बंद पडायचा, परत चालू व्हायचा, दिवे लागले की परत बंद. रात्रभर हेच. स्वयंपाकघराच्या मागच्या प्लगवरून वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर दिला आणि सुटलं. हे मोजताना कॅमेरा जोडलेला ठेवूनच मोजायचं. वायर काढून मोजली तर पूर्ण १२ दाखवते आणि माणूस फसतो.

त्यानं आणखी एक दाखवलं. आतले दिवे लागलेत का हे मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघायचं. डोळ्याला अंधुक लाल दिसतं किंवा काहीच दिसत नाही, तिथं मोबाईलमध्ये जांभळट उजेड दिसतो. दिवे पेटतच नसतील तर बिघाड वेगळा.

जिन्याखालच्या कॅमेऱ्याचं राहिलंच सांगायचं. त्यात पांढरी भिंत अगदी शेजारी होती. भिंतीवरून प्रकाश परत आला की कॅमेरा चित्राचा उजेड कमी करून घेतो आणि लांबचं सगळं काळं पडतं. तो मी स्वतः वीतभर वळवून घेतला, कुणाची वाट न बघता. कोळ्याची जाळीही अशीच चकाकते. दिव्यांवर किडे येतात, किड्यांमागं कोळी, आणि पावसाळ्यात आठवड्यात जाळं तयार. मी आता दर रविवारी काठीला ओलं फडकं बांधून काढते. घुमट कोरड्या फडक्यानं घासू नका, धुळीनं चरे पडतात आणि त्या चऱ्यांमुळं रात्री पुन्हा धुकं दिसतं.

त्या पोराला मी ओटीपी लगेच दिला नाही. त्यालाही ते पटलं. म्हणाला, "रात्री बघा आणि मग फोनवर सांगा, वहिनी." साडेआठला सासूबाई आणि मी मोबाईल घेऊन बसलो. फाटकाची कडी दिसत होती, पायरीवरच्या कुंड्या दिसत होत्या, पावसाच्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. परसातल्या तुळशीपर्यंत सगळं दिसत होतं. तेव्हा त्याला फोन करून ओटीपीचे आकडे सांगितले.