आईचा सोडा शिळा का लागत होता

दोन वर्षांपूर्वी आईच्या डोळ्याचं प्रेशर वाढलं, काचबिंदू निघाला, आणि डॉक्टरांनी थेंबांसोबत थोडे दिवस डायमॉक्सच्या गोळ्या दिल्या. माझं स्वतःचं मेडिकल आहे, रोज हातातून जाणारी गोळी, त्यामुळे मला त्यात नवीन काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली बोटांना मुंग्या येतायत, ते मला माहीत होतं. पण जेवल्यावर तिला लिंबू सोडा लागतो, तो प्यायली आणि म्हणाली, "अगं हा सोडा शिळा आहे, गॅस गेलाय सगळा." मी नवीन बाटली फोडली, फस्सकन फेस आला, तरी तेच. मी प्यायले तर माझ्या नाकात झिणझिण्या आल्या. मग रात्री डी.फार्मची पुस्तकं काढून बसले.

तर सगळा खेळ एका एन्झाइमचा (शरीरातली क्रिया वेगानं घडवणाऱ्या प्रथिनाचा) आहे, कार्बोनिक अॅनहायड्रेज, आणि डायमॉक्स अडवते ते हेच. काम अगदी साधं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकत्र आणायचं, त्यातून एक आम्लाचा कण म्हणजे प्रोटॉन आणि एक आम्ल मारणारा कण म्हणजे बायकार्बोनेट, अशी जोडी तयार होते. हे एन्झाइमशिवायही होतं पण फार रमतगमत, आणि रक्त फुफ्फुसाच्या बारीक नळीतून जेमतेम सेकंदभरात पुढे निघून जातं, तेवढ्यात बायकार्बोनेटचा उलट पुन्हा कार्बन डायऑक्साइड होऊन तो श्वासावाटे बाहेर पडणार कसा या प्रश्नातूनच 1933 मध्ये केंब्रिजला मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी हे एन्झाइम शोधलं. याचा सगळ्यात चपळ प्रकार, त्याचा एक रेणू सेकंदाला 10 लाखाच्या आसपास वेळा ही क्रिया करतो! मधोमध जस्ताचा एक अणू, त्याच्याच जोरावर.

मला जे खरंच आवडलं ते पुढचं. आम्ल आणि बायकार्बोनेट नेहमी जुळीच जन्माला येतात, एकटं कुणीच नाही. कुठल्या भावंडाला कुठल्या दारानं बाहेर काढायचं एवढंच तो तो अवयव ठरवतो. जठरातल्या पेशी प्रोटॉन आत पोटात ढकलतात (त्यासाठी वेगळा प्रोटॉन पंप आहे, काउंटरवर दिवसभर अॅसिडिटीची जी पॅन-डी जाते त्यातलं पँटोप्राझोल हाच पंप बंद करतं, आणि पंप जेवणाच्या वेळी जागे होतात म्हणून ती गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, जळजळ सुरू झाल्यावर नाही, हे मी रोज सांगते आणि सांगत राहणार). रक्तापेक्षा लाखो पट आम्ल तिथे तयार होतं. आणि त्याचं जुळं बायकार्बोनेट? ते मागच्या दारानं रक्तात जातं, म्हणून भरपेट जेवणानंतर रक्त थोडा वेळ किंचित अल्कधर्मी होतं. स्वादुपिंडात बरोबर उलटं, बायकार्बोनेट आतड्याकडे आणि आम्ल रक्ताकडे, म्हणजे पोटानं केलेला हिशोब चार बोटं खाली येऊन फिटतो. मी हे वाचून खुर्चीत सरळ बसले होते.

डोळ्यातही तेच. आतलं पाणी तयार करणाऱ्या पेशी बायकार्बोनेट डोळ्यात सोडतात, त्यामागून सोडियम, त्यामागून पाणी. एन्झाइम अडवलं की पाणी कमी, प्रेशर कमी. पण गोळी काही फक्त डोळ्यात जात नाही ना, ती किडनीतही तेच एन्झाइम अडवते, बायकार्बोनेट लघवीवाटे वाहून जातं, रक्त थोडं आम्लाकडे झुकतं आणि श्वास वाढतो. परवा शेजारचा मुलगा आला, मित्रांबरोबर लेहला चाललेला, 3500 मीटर उंची, "काकू डायमॉक्स द्या ना." मी म्हटलं आधी डॉक्टरची चिठ्ठी आण, सल्फाची अॅलर्जी आहे का विचारून घे. तो म्हणाला ही तर आजींची डोळ्याची गोळी ना? हो बाबा, तीच, विरळ हवेत तो वाढलेला श्वासच तुझ्या कामाचा.

आणि सोडा! जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवरही हे एन्झाइम असतं, तेच सोड्यातल्या गॅसपासून, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून, प्रोटॉन बनवतं आणि ते पेशींना कळतं. ते अडवलं की बुडबुडे तसेच, ती चरचरीत चव मात्र गायब. आईला हे सांगितलं तर तिला आधी पटेना, मग म्हणाली म्हणजे सोडेवाल्याला मी उगीच बोलले.

आता गोळ्या बंद आहेत, तेच एन्झाइम अडवणारे डॉर्झोलामाइडचे थेंब चालू आहेत. सोडा पुन्हा नीट लागतो तिला. फक्त थेंब घशात उतरला की तोंड कडू होतं, म्हणून थेंब टाकल्यावर डोळ्याचा नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायला शिकवलंय, ती डोळे मिटून दाबून बसते आणि मी शेजारी मिनिटं मोजते.