मंजुरीची तारीख

म्हापशातल्या एका शोरूममध्ये मी गाड्यांची कागदपत्रं बघते. सेल्सवाल्यांनी तोंडभरून दिलेली आश्वासनं निस्तरायची ती माझ्याच टेबलावर. इलेक्ट्रिक गाडी म्हटली की पहिला प्रश्न 'सरकार किती देतं?', आणि आमचा सेल्सचा पोरगा बिनधास्त 'फेम' म्हणून मोकळा. फेम म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी केंद्राची अनुदान योजना. तिच्या दुसऱ्या टप्प्यात, फेम-2 मध्ये, चारचाकीचे पैसे टॅक्सीसारख्या धंद्याच्या गाड्यांनाच होते, म्हणजे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. घरच्या गाडीला, पांढऱ्या अक्षरांना, छदाम नाही.

मार्च 2023 मध्ये पेडण्याचे एक सर आले. राज्याचं अनुदान आदल्या वर्षीच बंद झालेलं. रोड टॅक्स माफ आणि जीएसटी 5 टक्के, एवढंच पदरात. मग मी आयकराचं 80ईईबी कलम काढलं. कर्जाच्या व्याजावर वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट, जुन्या कररचनेत राहिलात तर. यातली मेख बहुतेकांना ठाऊक नसते: गाडी कधी मिळाली ते बघत नाहीत, कर्ज मंजूर कधी झालं ते बघतात. शेवटची तारीख 31 मार्च 2023, आणि सरांची गाडी यायची होती मेमध्ये.

"सर, गाडीचं सोडा, मंजुरीचं पत्र आणा."

31 तारखेला संध्याकाळी, शटर अर्धं खाली आलेलं असताना, ते पत्र घेऊन पोचले. तारीख बघितली, शिक्का बघितला, झेरॉक्स काढून फाईलला लावली. घरी जाताना मला माझंच कौतुक वाटत होतं.

जुलै 2024 मध्ये सर परत आले. रिटर्न भरताना सीएने वजावट काढून टाकली होती. कर्ज शिक्षकांच्या पतसंस्थेचं. कलमाला बँक लागते, नाहीतर ठराविक वित्तीय कंपनी. पतसंस्था त्यात बसत नाही. मी फाईल काढली. लेटरहेडवर ठळक अक्षरांत 'पतसंस्था', अगदी तारखेच्या वर. तेव्हाच विचारलं असतं तर म्हापशात बँका काय कमी होत्या?

पहिल्या वर्षाचं व्याज 90 हजारांच्या आसपास. 20 टक्के कराच्या हिशेबाने 18 हजार गेले, आणि कर्ज सात वर्षांचं. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारी गिऱ्हाइकं मला सांभाळता येतात.

"बाय, आता कर्ज बँकेत फिरवलं तर?"

"मंजुरीची तारीख आताची पडेल, सर."

तेवढ्यात आमचा पोरगा टपकला. "गाडी काय म्हणते, सर?"

"गाडी बरी आहे," ते म्हणाले, आणि पत्राची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.